खुर्चीवाल्या बाई आणि धाकटी जाऊ

पहिली खुर्ची तिनं नवऱ्याच्या कटकटीला कंटाळून केली होती.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी आला की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा. खोक्यात सुटे भाग यायचे. ते तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमान बाहेरून झकास व्हायचं, पण वैमानिकाची खुर्ची म्हणून कंपनीनं आत जे टाकलेलं असायचं ते बघितलं की याचं डोकं फिरायचं. "ही खुर्ची आहे? साबणाची वडी आहे ही! ना पट्टे, ना उशी. यावर बसून माणूस आकाशात जाईल का, तू सांग." शेवटी एक दिवस बायको कामावरून येताना पर्समध्ये मेणाचा तुकडा घेऊन आली, आणि म्हणाली, "फोटो द्या त्या खुर्चीचा. आणि आता गप्प बसा."

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि ही मेणात दात कोरायची, साचे करायची, कवळ्या घासून चकचकीत करायची. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा कोरण्यात जिचा हात बसला होता, तिला खुर्चीचे पट्टे काय अवघड जाणार! अंगठ्याच्या पेराएवढी ती खुर्ची. उशीला मधोमध खळगा, खांद्यावरून आलेले दोन पट्टे, पट्ट्यांना बकलं, गुडघ्यांच्या मधे, संकटात खुर्चीसकट विमानाबाहेर पडायला ओढायची कडी. मेणाच्या नमुन्यावर तिनं सिलिकॉन ओतून रबरासारखा मऊ साचा केला आणि त्या साच्यात रेझिन ओतलं. दोन बाटल्यांतली दोन पातळ द्रव्यं, एकत्र केली की बघता बघता दगड होतात. साच्यातून खुर्ची निघाली तेव्हा नवऱ्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ ते काढलंच नाही.

तो काही बोलला नाही. पण त्या न बोलण्यावर ती पुढे कितीतरी वर्षं खूश होती.

नवऱ्यानं ती खुर्ची गावातल्या या छोट्या विमानांच्या दुकानात दाखवली. दुकानदार जाडजूड, सदा घोगऱ्या आवाजाचा माणूस. त्यानं विचारलं, "अजून करतील का वहिनी?" तिथून सुरुवात झाली. विमानं जोडणारे लोक विचित्र असतात. जे झाकण लावल्यावर कुणाला दिसणार नाही, त्याच्यासाठी ते जीव टाकतात. या खुर्चीसाठी ते लांबून यायला लागले. दुकानाच्या काचेच्या कपाटात पहिल्या फळीवर तिच्या खुर्च्यांच्या पुड्या मांडलेल्या असायच्या, आणि लोक तिला 'खुर्चीवाल्या बाई' म्हणायला लागले. लॅबमध्ये तिच्या हातचे दात शेकडो लोकांच्या तोंडात होते, पण एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. इथे मात्र अनोळखी माणूस दुकानात तिला बघून उठून उभा राहायचा.

घर दोन मजली. खाली ही दोघं, वर दीर. दीर बस चालवायचा. त्याचं लग्न जरा उशिराच झालं आणि धाकटी जाऊ घरात आली. गोड बोलणारी, चटपटीत, हसली की डोळे बारीक व्हायचे. थोरलीला ती आवडली होती, हे सांगून ठेवलेलं बरं. धाकटी एका सराफाकडे कॉम्प्युटरवर अंगठ्यांची चित्रं काढायची. पडद्यावर आकार उभा करायचा आणि मशिनकडून तो रेझिनचे थरावर थर देत छापून घ्यायचा, असं तिचं काम. पुढे सराफानं तो विभाग बंद केला आणि निघताना जुनं छपाईचं मशिन हिला देऊन टाकलं. दिरानं ते उचलून वरच्या खोलीत नेताना जिन्यावर दोनदा शिव्या घातल्या.

रिकामी बसलेली धाकटी एक दिवस खाली आली. थोरली साच्यातून खुर्च्या काढत होती. धाकटीनं एक तळहातावर घेतली.

"वहिनी, मी एक करून बघू?"

"बघ की," थोरली म्हणाली. आणि मनाचा मोठेपणा दाखवून फोटो, मापं, सगळं दिलं. तिला वाटलं होतं, पोरगी चार दिवस खेळेल आणि कंटाळेल.

धाकटीची खुर्ची आली ती अशी, की उशीच्या कडेची शिवण दिसत होती. नुसती शिवण नाही, शिवणीचा एकेक टाका. बकलाला मधोमध पिन होती. पाठीमागच्या नळ्यांवर आवळपट्ट्या होत्या. थोरलीनं भिंगातून पाहिलं, भिंग पुसून परत पाहिलं. तोंडानं म्हणाली, "छान झालीये गं. जरा जास्तच बारीक केलंस. एवढं रंगवताना बुजून जातं."

"हो का? मग कमी करते," धाकटी म्हणाली. पण कमी केलं नाही.

आधी दुकानदारानं धाकटीच्या खुर्च्या खालच्या फळीवर ठेवल्या, मग मधल्या. एक दिवस थोरली दुकानात गेली तर पहिल्या फळीवर त्याच होत्या आणि तिच्या पुड्या बाजूच्या खिळ्यावर गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "जागा कमी पडते हो बाई." तिनं मान डोलावली. घरी येऊन तिनं स्वच्छ असलेला ओटा दोनदा पुसला.

पण खरा घाव घरातच बसला. नवरा प्रदर्शनासाठी एक विमान करत होता, आजवरचं सगळ्यात चांगलं. रंगाचे सात-आठ हात, पंखांवर धुराचे डाग, चाकांना चिखल. थोरलीनं त्याच्यासाठी मुद्दाम नवी खुर्ची कोरली होती. विमान पुरं झालं तेव्हा ती हात पुसत पाहायला आली. काचेच्या झाकणाआड उशीच्या कडेला टाक्यांची रांग दिसत होती.

"माझी नाही बसवलीत?"

"अगं, तुझी किंचित रुंद झाली होती. बाजूला घासत होती. हिची अलगद बसली," नवरा म्हणाला. तो खरं बोलत होता, मनात काही नव्हतं, आणि त्यामुळेच तिला भांडताही येईना. रुंद झाली होती तर सांगायचं ना! घासून दिली असती! दातांच्या कॅपा ती केसाच्या जाडीनं घासायची आणि याची खुर्ची घासता आली नसती? हे सगळं ती मनातल्या मनात बोलली. मोठ्यानं म्हणाली, "जेवायला बसा."

त्यानंतर तिचं लक्ष कशात लागेना. वर मशिनची घरघर सुरू झाली की तिला खाली घास गिळवेना. धाकटीच्या हसण्यात तिला टोमणा ऐकू यायला लागला. तिनं चहा चांगला केला तरी हिला वाटायचं, आता हेही का! बहिणीपाशी फोनवर ती म्हणाली, "हातानं काही करत नाही गं, नुसती बटणं दाबते." बहीण म्हणाली, "मग तूही दाब." थोरलीनं फोन ठेवून दिला.

अशात एक निवृत्त वैमानिक दुकानात आले. त्यांनी तरुणपणी जे विमान उडवलं होतं त्याची मोठी प्रतिकृती त्यांना हवी होती, खुर्ची जवळजवळ काड्यापेटीएवढी उंच. ती पसंत पडली तर त्यांच्या जुन्या सोबत्यांनाही प्रत्येकी एक हवी होती. दुकानदारानं दोघी जावांना एकेक नमुना करायला सांगितलं. थोरली त्या कामाला अशी लागली की लॅबमध्ये एकाचा वरचा दात खालच्या कवळीत बसवता बसवता राहिली.

ठरल्या दिवशी दोघी दुकानात गेल्या. वैमानिक ताठ बसायचे, ऐकायला जरा कमी यायचं. त्यांनी दोन्ही खुर्च्या उचलल्या, उजेडाकडे धरल्या, खाली ठेवल्या, परत उचलल्या. मग धाकटीच्या खुर्चीवर बोट ठेवलं.

"ही. अगदी हीच. ही कडी ओढायची वेळ आली नाही कधी, पण हात तिथेच असायचा." आणि मग थोरलीकडे वळून म्हणाले, "तुमचीही छान आहे हो."

घरी येईपर्यंत तो 'ही' तिच्या कानात खडखडत राहिला. तुमचीही. रस्ता ओलांडताना धाकटीनं तिचा हात धरला, तर तिनं पर्स सावरायच्या निमित्तानं तो सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बाजारात गेली होती, दीर ड्यूटीवर, नवरा कामावर. थोरलीला सुट्टी होती. ती कपडे वाळत घालायला गच्चीकडे निघाली आणि वरच्या खोलीच्या दारात थांबली. टेबलावर ती खुर्ची होती. तिला वाटलं, नुसती बघू. मग वाटलं, खाली नेऊन भिंगातून बघू. खाली आणल्यावर वाटलं, हिचा साचाच करून ठेवला तर? म्हणजे कळेल तरी, हिच्यात असं काय आहे. दुसऱ्याच्या नमुन्यावरून चोरून साचा करणं हे या धंद्यात सगळ्यात हलकं काम समजतात. कुणी केलं असं कळलं तर लोक त्याच्याशी बोलणं टाकतात. अशा एका माणसाला थोरलीनं स्वतः दुकानातून हाकलून लावलं होतं. तरी तिनं लॅबमधलं गुलाबी सिलिकॉन कालवलं आणि खुर्चीवर ओतलं.

सिलिकॉन घट्ट व्हायची वेळ झाली. तिनं साचा उघडला. बाहेरून रबर झालं होतं, पण खुर्चीला लागून सगळं चिकट, अर्धवट सुकलेल्या डिंकासारखं. टाक्यांत, बकलांत, नळ्यांच्या मागे, सगळीकडे गुलाबी राड. तिच्या उभ्या आयुष्यात साचा असा फसला नव्हता. स्पिरिट, मऊ ब्रश, टोकदार काडी, जे हाताशी होतं त्यानं ती खुर्ची साफ करत बसली. फाटकाचा आवाज आला तसा हात दचकला आणि ती ओढायची कडी तुटून फरशीवर पडली. शोधायला वेळ नव्हता. तिनं खुर्ची वर नेऊन होती तिथे ठेवली आणि कपड्यांची बादली घेऊन गच्चीत गेली.

संध्याकाळी वरून आवाज आला. धाकटी नवऱ्याला झापत होती. "शंभरदा सांगितलंय, माझ्या टेबलाला हात लावत जाऊ नकोस! कडी तुटली ना!" दीर म्हणत होता, "अगं, मी आत्ता तर आलोय, बूटही काढले नाहीत!" थोरली खाली भाजी चिरत मूग गिळून बसली. आता वर जावं आणि सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं, तोच धाकटी जिन्यातून डोकावली.

"वहिनी, घाबरलात का ओरडण्यानं? काही नाही, खुर्ची मोडली. सकाळपर्यंत दुसरी छापून निघेल."

दुसरी छापून निघेल! थोरलीच्या हातातली सुरी थांबली. जिच्यापायी दुपारभर तिचं काळीज लटपटलं, ती वस्तू या बयेला परत मिळवायला एक बटण पुरत होतं. आपली पापंसुद्धा हिच्यापुढे कवडीमोलाची, असं तिला वाटलं. अपराधाची टोचणी कुठल्या कुठे गेली आणि तिचा नव्यानं तिळपापड झाला.

साचा का फसला, हे मात्र तिच्या डोक्यातून जाईना. धाकटीच्या कचऱ्यात छपाईचे फसलेले तुकडे असायचे. ते तिनं उचलले आणि लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत प्रयोग करत बसली. शेवटी कळलं. छापलेल्या तुकड्यात ओलं रेझिन अंगात मुरून राहतं आणि ते सिलिकॉनला सुकू देत नाही. तुकडा नीट धुवून, चांगला उन्हात तापवून, वरून पातळ लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, हात दिला की साचा मुकाट्यानं धरतो. हे कळल्याचा आनंद सांगायला तिच्यापाशी कुणीच नव्हतं.

इकडे धाकटीची पंचाईत झाली. वैमानिकांच्या सोबत्यांसाठी बऱ्याच खुर्च्या हव्या होत्या. छापलेली खुर्ची ठिसूळ, पुडीत घातली की कडी मोडायची. मशिन जुनं, दर दोन छपायांना अडायचं. दुकानदार म्हणाला, नमुना छापा आणि साच्यात ओता. धाकटीनं आयुष्यात साचा केला नव्हता. तिनं केला, आणि तो चिकट राहिला. ती खाली आली.

"वहिनी, माझं काय चुकतंय?"

थोरलीनं तो चिकट गोळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "सिलिकॉन जुनं असेल."

धाकटीनं नवीन आणलं. ते फसलं. वेगळ्या दुकानातून आणलं. तेही फसलं. दर वेळी ती गोळा घेऊन खाली यायची आणि दर वेळी थोरली नवं काहीतरी सांगायची. हवा दमट असेल. प्रमाण चुकलं असेल. पोरीचे डोळे सुजले होते. थोरलीला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटायचंही. पण इतका वाईट साचा या घरातून निघतोय, हे तिच्या हातांना सहन होत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी धाकटीचं जिन्यातलं बोलणं तिच्या कानावर पडलं. ती दुकानदाराशी फोनवर बोलत होती. "माझ्यानं नाही होणार, काका. वहिनींनाच द्या ते काम. त्यांची खुर्ची द्या सगळ्यांना. त्या खूश होतील."

त्या खूश होतील! हरणं थोरलीनं एकवेळ सोसलं असतं. पण लहान मुलाला उरलेला लाडू द्यावा तसं कुणी जिंकलेलं काम आपल्या पदरात टाकणार, हे काही तिला झेपेना. ती तरातरा वर गेली.

"फोन कर त्यांना. सांग, होईल म्हणून."

"वहिनी, तो साचा..."

"धुऊन घे ती खुर्ची. स्पिरिटनं, दोनदा. मग गच्चीत उन्हात ठेव, चांगली तापू दे. मग लॅकर, अगदी पातळ. छापलेल्यावर असंच करावं लागतं, नाहीतर चिकट राहतं."

धाकटीनं हातातला फोन बाजूला ठेवला. "तुम्ही म्हणालात सिलिकॉन जुनं आहे."

"म्हणाले."

"हवा दमट आहे म्हणालात."

"म्हणाले ना!"

"आणि छापलेल्यावर तुम्ही कधी केलंत साचा?"

थोरली खाटेच्या कडेवर बसली. "तुझी खुर्ची मी मोडली," ती म्हणाली. "चोरून साचा करत होते. तुझ्या नवऱ्याला उगाच बोलणी बसली."

धाकटी म्हणाली, "मला माहीत होतं. पाठीमागच्या खाचेत गुलाबी राहिलं होतं. या घरात गुलाबी कोण आणतं, वहिनी?"

"मग त्याला का झापलंस?"

"तुम्हाला कसं झापू? आणि तो ओरडा खातोच हो, त्याला सवय आहे."

थोरलीला हसू यायला लागलं आणि तिनं ते दाबलं. धाकटीनं टेबलाचा खण उघडला, एक डबी काढली आणि तिच्या मांडीवर पालथी केली. थोरलीच्या खुर्च्या होत्या. सगळ्या मधून उभ्या कापलेल्या.

"या दुकानातून आणल्या मी. बारीक करवतीनं कापल्या. एवढा पातळ पट्टा उशीपासून सुटा कसा राहतो ते बघायचं होतं. पडद्यावर आठवडाभर डोकं फोडलं, नाही जमलं. माझ्या खुर्चीचे पट्टे उशीला चिकटलेले आहेत, तुमच्या लक्षात आलं नाही? मी टाके एवढ्यासाठीच घातले, की लोकांनी टाके बघावेत." तिचा आवाज जरा चढला. "भाऊजी येता-जाता म्हणतात, हिच्यासारखा पट्टा कुणाला येणार नाही. जेवताना म्हणतात! मला घास गोड लागत नाही."

"ते म्हणतात?" थोरलीनं विचारलं. "मला तर कधी म्हणाले नाहीत."

"मलाच म्हणतात सारखं."

थोरलीनं एक अर्धी खुर्ची उजेडात धरली. कापलेल्या अंगावर एकही बुडबुडा नव्हता. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. आपल्या खुर्च्या कुणी करवतीनं कापाव्यात याचा वेगळा राग आला. "चांगल्या वस्तूंची नासाडी," ती पुटपुटली. "विचारलं असतंस तर दाखवलं असतं."

"दाखवलं असतंत?"

"नसतं," थोरली म्हणाली.

ते काम दोघींनी मिळून केलं. नमुना धाकटीनं छापला, पट्टे थोरलीनं मेणाचे करून वरून बसवले, साचे आणि ओतकाम खाली झालं. वैमानिकांनी नवी खुर्ची हातात घेतली आणि बराच वेळ ठेवलीच नाही. पुडीवर कुणाचं नाव आधी यावं यावरून दोघींत चांगला तीन दिवसांचा अबोला झाला. शेवटी दुकानदारानं दोघींचीही नावं न घालता नुसतं 'जावा' छापलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, कुठल्या तरी परदेशी कंपनीचं नाव आहे.

म्हणून काही गोडीगुलाबी झाली नाही. कुणी टाक्यांची तारीफ केली की थोरलीचा चेहरा अजून आंबट व्हायचा, आणि पट्ट्यांची केली की धाकटी मशिनचा आवाज मोठा करायची. नवऱ्यानं नवं विमान घेतलं की दोघीही आपापली खुर्ची टेबलावर ठेवून निघून जायच्या आणि दाराआडून बघायच्या. बिचारा नवरा मग खुर्चीविनाच झाकण लावायच्या गोष्टी करायचा. पण दुपारी काम असलं की दोघी एकाच दिव्याखाली बसायच्या, आणि बोलायच्या त्या फक्त कामाचं.

अशी काही वर्षं गेली. मग दिराची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि धाकटीला तिथे एका कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायचं चांगलं काम मिळालं. मशिन ती घेऊन गेली. खुर्च्यांचे नमुने ती तिथून पाठवत राहिली आणि थोरली इकडे ओतत राहिली. वरचा मजला रिकामा झाला. थोरलीनं सगळ्यांना सांगितलं की बाई, आता घरघर तरी थांबली.

एकदा फोनवर धाकटी बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, इथे आमच्या विभागात एक बाई आहेत. हात काय सुंदर आहे त्यांचा! दुपारी आम्ही दोघी बसतो. त्यांना मी आपल्या खुर्च्या दाखवल्या, तर त्यांनी मेणात एक करून दाखवली."

नवऱ्यानं थोरलीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली होती.

"वयानं केवढ्या आहेत?" तिनं विचारलं.

"असतील तुमच्याएवढ्या."

"आणि तू त्यांना काय हाक मारतेस?"

"ताई म्हणते."

"बरं," थोरली म्हणाली. "ताईच म्हण. वहिनी म्हणत जाऊ नकोस त्यांना."